निधनवार्तेतल्या चार चुका आणि आमच्या आत्याबाई

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या निधनवार्तांच्या रकान्यात माझ्या सासूबाईंची बातमी आली. चार ओळींची होती. त्या चार ओळींत चार चुका होत्या, आणि त्यांपैकी एका चुकीमुळे 84 वर्षांच्या एका माउलीला उन्हात रामकुंडावर दोन तास ताटकळत राहावं लागलं. म्हणून हे पत्र. नाव-गाव सोबतच्या चिठ्ठीत दिलं आहे, ते छापू नये ही विनंती. सासूबाईंचं नावही इथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ते आहेच. आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणत होतो. आमच्या नगरकडे सासूला तसंच म्हणतात.

आधी चुका सांगते. पहिली, नावाआधी लागलेलं ‘कै.’. कै. म्हणजे कैलासवासी. आम्ही कॅथलिक ख्रिस्ती आहोत. आमच्यात ‘ख्रिस्तवासी’ म्हणतात, ‘प्रभुवासी’ म्हणतात, ते नको असेल तर नुसतं ‘श्रीमती’ही चालतं. दुसरी, ‘अमरधाम येथे अंत्यसंस्कार करण्यात आले’. अमरधाम म्हणजे दहनाची स्मशानभूमी. आत्याबाईंचं दफन झालं. तिसरी, ‘दशक्रिया विधी रामकुंड, पंचवटी येथे होईल’. असा कोणताही विधी नव्हता. चौथी, ‘पश्चात तीन मुले, दोन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. त्यांना नऊ पतवंडं आहेत, ती राहूनच गेली.

माझ्या पुतण्याने फोनवर मजकूर सांगितला होता. पलीकडच्या मुलाने बहुधा आधीच्या कुठल्यातरी निधनवार्तेचा साचा घेतला आणि नाव तेवढं बदललं. मी स्वतः दुरुस्तीसाठी फोन केला, तेव्हा त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘ताई, तुम्ही ख्रिश्चन असून तुमचं मराठी किती छान आहे हो.’ तो वाईट मनाने बोलला नाही, आवाजावरून कळत होतं. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. माझी आई मराठी, तिची आई मराठी, आमची प्रार्थना मराठी, आमचं भांडण मराठी. येशूची कथा ओव्यांत सांगणारं ख्रिस्तपुराण मराठीत छापलं गेलं त्याला 1616 पासून चारशे वर्षं उलटली. ‘निरोप्या’ हे आमचं मासिक 1903 मध्ये राहुरीजवळच्या केंदळहून निघालं, एका जर्मन फादरांनी काढलं आणि ते मराठीत काढलं. आत्याबाईंच्या माहेरी ते येत असे. वाचायला त्या त्याच्यावरच शिकल्या.

आता तुमच्या रकान्याशी त्यांचं काय नातं होतं ते सांगते. ते सांगितल्याशिवाय या चुका आम्हाला इतक्या का लागल्या हे कळणार नाही.

आत्याबाई रोज सकाळी पेपरचं पहिलं पान उघडत नसत. त्या सरळ निधनवार्तांवर जात. तिथे जितकी नावं असतील तितक्या वेळा ‘नमो मरिया’ ही माता मरियेची प्रार्थना म्हणत, प्रत्येक नावाला जपमाळेचा एक मणी. नाव पाटलांचं आहे का शेखांचं, जोशांचं आहे का जाधवांचं, हे त्यांनी कधी बघितलं नाही. मी लग्न होऊन 1981 मध्ये या घरात आले तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. एकदा विचारलं, ‘आत्याबाई, हे लोक आपल्यातले नाहीत, त्यांच्यासाठी नमो मरिया कशाला?’ त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, ‘मेल्यावर कोण कुनातलं ऱ्हातं गं? ज्याच्यामागं कुनी नसंल त्याच्यामागं येक मणी तरी.’

सात वर्षांपूर्वी त्यांना दिसेनासं झालं. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं होतं, ऑपरेशनने उपयोग होण्यासारखं नव्हतं. मी 31 वर्षं परिचारिकेची नोकरी करून तेव्हा घरी बसले होते. मग तो रकाना मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवू लागले. मी नाव वाचायचं, त्यांचे ओठ हलायचे, मणी पुढे सरकायचा, आणि मान हलली की पुढचं नाव. घाई केलेली त्यांना चालत नसे. मध्येच विचारत, ‘वय किती व्हतं?’ वय कमी असलं की दोन मणी.

तर ज्या दिवशी त्यांची बातमी आली, त्या सकाळी मी सवयीने त्यांच्या रिकाम्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. ‘कै.’ वर अडखळले. पुढे वाचवलं नाही.

रामकुंडाचं सांगते. आत्याबाई आणि सासरे प्रेसच्या, म्हणजे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्याच्या, क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हाच्या त्यांच्या शेजारीण आता मुलाकडे देवळाली गावात असतात. त्यांना आम्ही काकू म्हणतो. त्यांना दफनाच्या दिवशी कळवायचं राहिलं, ही आमची चूक. त्यांनी तुमच्या पेपरात वाचलं आणि दहाव्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता रिक्षा करून बिटको चौकातून पंचवटीला गेल्या. हातात नारळ आणि पांढरी फुलं. कुंडाच्या पायऱ्यांवर ज्यांचे ज्यांचे विधी चालले होते त्या प्रत्येकाकडे जाऊन आमचं आडनाव विचारत राहिल्या. बारा वाजले, कोणी सापडेना. शेवटी गोदावरीत उतरल्या, ओंजळभर पाणी घेतलं, आत्याबाईंचं नाव घेऊन सोडलं आणि घरी आल्यावर मला फोन केला. रडत होत्या. ‘मी चुकीच्या जागी गेले का गं?’ म्हणाल्या.

रामकुंडाबद्दल माझ्या मनात आदर आहे. या काकूंच्या यजमानांच्या अस्थी तिथेच सोडल्या, त्या दिवशी आत्याबाई त्यांच्यासोबत तिथल्या पायरीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. प्रश्न एवढाच की काकूंना तिच्या मैत्रिणीचं शेवटचं दर्शन नाही तर नाही, निदान कबरीवर मूठभर माती तरी घालता आली असती. तुमच्या साच्याने तेही हुकलं.

ती मूठभर माती म्हणजे काय, हेही सांगायला हवं. आमच्याकडे पेटी खाली उतरली की फादरांची प्रार्थना होते आणि मग घरातला, गल्लीतला, ओळखीचा प्रत्येक माणूस पुढे होऊन एक-एक मूठ माती टाकतो. पहिल्या मुठी पेटीच्या फळीवर पडतात तेव्हा आवाज होतो, पोकळ. हळूहळू तो आवाज बुजतो. आत्याबाईंचं सगळ्यात धाकटं पतवंड चार वर्षांचं आहे. त्याने दोन्ही हातांनी माती घेतली आणि टाकायच्या ऐवजी वाकून हळूच ठेवली, निजलेल्या माणसाच्या अंगावर काही ठेवावं तशी. आत्याबाईंना पांढरं पातळ नेसवलं होतं आणि हातांत ती जपमाळ गुंडाळली होती. सासऱ्यांच्याच कबरीत त्यांना ठेवलं. 1998 मध्ये सासरे गेले तेव्हापासून त्या दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तिथे मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं घेऊन जायच्या आणि आम्हाला बोट दाखवून सांगायच्या, ‘माझी जागा ही.’ सत्तावीस वर्षं सांगितलेली जागा आणि पेपरात छापून आलं अमरधाम.

त्या जपमाळेत एक मणी वेगळा होता. बाकीचे काळे लाकडी, तो एक निळा काचेचा. तिसऱ्या दहा मण्यांतला सातवा. सासऱ्यांच्या दारूच्या दिवसांत एका रात्री ती माळ तुटली. कशी तुटली हे आत्याबाईंनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सगळे मणी वेचले, एक मिळाला नाही. मग बांगडीवाल्याकडून हा निळा आणला आणि सासऱ्यांनीच स्वतः तारेने माळ जुळवून दिली. डोळे गेल्यावर आत्याबाई त्या मण्याच्या गारपणावरून आपण कुठवर आलो ते ओळखायच्या.

सासरे प्रेसमध्ये होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हणजे 1925 पासूनची सिक्युरिटी प्रेस. टपालाची तिकिटं, स्टॅम्पपेपर, पासपोर्ट तिथे छापतात आणि शेजारी नोटांची प्रेस. 1950 मध्ये लग्न झालं तेव्हा आत्याबाई अठरा वर्षांच्या होत्या. वडील राहुरीकडे मिशनच्या शाळेत मास्तर, वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन धर्मशिक्षण देणारे. तिथून ही मुलगी नाशिकरोडच्या दोन खोल्यांत आली. कोणाचंही पत्र आलं की आत्याबाई आधी तिकिटावरून बोट फिरवत, म्हणत, ‘हे ह्यांच्या हातचं असंल.’ 1980 मध्ये टपाल खात्याने मदर तेरेसांचं तिकीट काढलं तेव्हा त्यांनी ते पोस्टातून विकत आणलं आणि वापरलंच नाही. अजून आमच्याकडे आहे.

सासरे प्यायचे, हे मी लपवत नाही, आत्याबाईही लपवत नसत. पगाराच्या दिवशी त्या कडेवर एक पोर घेऊन प्रेसच्या गेटवर उभ्या राहत. बाहेर येणाऱ्या सगळ्यांसमोर हात पुढे करत. सासऱ्यांना शरम वाटे, पण पगार घरी येई. हरेगावला मतमाउलीची, म्हणजे माता मरियेची, यात्रा भरते, सप्टेंबरमध्ये, श्रीरामपूर तालुक्यात. 1949 पासून चालू आहे, लाखो माणसं जमतात. तिथे एका वर्षी सासऱ्यांनी माउलीसमोर दारू सोडल्याचा शब्द दिला आणि मरेपर्यंत पाळला. आमच्या समाजात ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते. एकदा भजनी मंडळातल्या एका बाईने ती तशीच माझ्यासमोर सांगितली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, ‘माउलीनं सोडवली हे खरं. पन मी बी नऊ वर्सं गेटवर हुभी व्हते, त्ये बी सांगा.’

सहा मुलं झाली, पाच राहिली. तिसरं मूल मुलगी होती, ती दोन वर्षांची असताना दोन दिवसांच्या जुलाबांनी गेली. त्या काळी मीठ-साखरेच्या पाण्याचं कोणी सांगितलं नव्हतं. परिचारिका म्हणून मी किती आयांना ते पाणी करायला शिकवलं असेल, प्रत्येक वेळी मला ती मुलगी आठवली, जिला मी पाहिलंही नाही. आत्याबाई जपमाळ संपताना सगळ्यांची नावं घेत, त्यात तिचं नाव तिसरं येई. हयात मुलांच्या मध्येच, तिच्या जागेवर. ती गेलेली आहे असं त्या वेगळं काढून म्हणत नसत.

त्यांची भक्ती म्हणजे तासन्‌तास डोळे मिटून बसणं नव्हतं. तेवढा वेळ कधी मिळाला? पहाटे चारला उठून जात्यावर बसायच्या तेव्हाची एक ओवी त्यांनीच रचलेली होती, नणंदा अजून म्हणतात:

‘पहिली माझी ओवी बेथलेहेमच्या गं गोठ्याला
तिथं मरियाबाईनं बाळ धरिलं पोटाला’

त्या लहान होत्या तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे. त्यांना ‘दोमिनुस वोबिस्कुम’ (प्रभू तुमच्याबरोबर असो) आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत पाठ होतं, अर्थ कळण्याच्या आधीपासूनचं. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून निरंकार उपास. गरोदरपणी त्या तशाच उपाशी चर्चला चालत जात आणि परतताना रस्त्याच्या कडेला बसून घेत. पुढे रोमहून नियम सैल झाले, आधी पाणी चालू लागलं, मग तीन तासांचा उपास, 1964 मध्ये एका तासावर आला. आत्याबाईंनी मात्र चहा कधी घेतला नाही, मिस्सा होईपर्यंत. मी म्हणायचे, ‘पोपनी सांगितलंय, चालतं.’ ‘पोपला चालतं, मला जमत न्हाई,’ म्हणायच्या. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर, मिस्सा मराठीत झाली याचा त्यांना जो आनंद होता तो कधी विरला नाही. ‘देव आपल्या वट्यावर येऊन बसला,’ असं त्या मला सांगत, म्हणजे काल-परवाचीच गोष्ट असावी तसं.

1972 च्या दुष्काळात नगरकडची माणसं कामासाठी नाशिकला आली, त्यांतली अकरा जणं त्या दोन खोल्यांत राहिली. आत्याबाई मिलोच्या भाकऱ्या करत. ती लाल ज्वारी अमेरिकेची, भाकरी तुटायची, हाताला चिकटायची. सगळ्यांची जेवणं झाली की त्या शेवटी बसत, आणि एका रात्री नुसतं कालवणाचं पाणी पिऊन झोपल्या हे माझ्या नवऱ्याने पाहिलं होतं. त्यांनी स्वतः हे कधी सांगितलं नाही. शुक्रवारी मटण नाही, हा नियम त्यांनी असा पाळला की आमच्या घरी शुक्रवार म्हणजे हुलग्याचे शेंगोळे, लसणाचा वास पार जिन्यापर्यंत. वरच्या काकू त्या दिवशी वाटी घेऊन यायच्या. त्या बदल्यात चतुर्थीला मोदक खाली यायचे. नाताळच्या करंज्या तर दोघी मिळूनच तळायच्या.

आमचं दोघींचं सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी लिहिणार नाही. रविवारी माझी ड्यूटी लागली की मिस्सा चुकायची आणि त्यांचा चेहरा उतरायचा. दोन-तीन वर्षं त्या मला टोचून बोलल्या. मग एके दिवशी स्वतःच फादरांना विचारून आल्या आणि म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात, तू ड्यूटीच्या आधी जात जा, पोरांना मी बघते. तेव्हापासून शनिवारी माझ्यासाठी साडेचारला चहा तयार असे.

आणि एका बाबतीत मला त्यांचं अजून पुरतं पटलेलं नाही. माझे मालक तांत्रिक शिक्षणाला जायचे होते. कोणीतरी सुचवलं, शाळेच्या दाखल्यावर धर्म हिंदू लावून घ्या, सवलत मिळेल, पुष्कळ जण करतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. ज्या गावकुसाबाहेरून आमचे पूर्वज आले ते गावकूस बाप्तिस्मा घेतल्याने कोणी आत ओढून घेतलं नव्हतं, विहीर तीच बंद होती. आत्याबाईंनी दाखला बदलू दिला नाही. ‘येशूला नको म्हनून फी भरायची व्हय?’ मालकांचं शिक्षण तिथेच थांबलं, ते वर्कशॉपमध्ये लागले. त्यांनी आईला कधी दोष दिला नाही. मी मनात दिला. आत्याबाईंना ते ठाऊक होतं. मोठ्या नातवाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्यांनी स्वतःच्या पाटल्या मोडल्या आणि पैसे माझ्या हातात दिले, नवऱ्याच्या नाही.

1987 मध्ये पुण्यापासून वेगळा होऊन नाशिकचा धर्मप्रांत झाला आणि पहिले महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, झाले थॉमस भालेराव. आत्याबाई ते नाव पुन्हा पुन्हा घ्यायच्या. भालेराव! आपल्यातलं आडनाव. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत पोप जॉन पॉल पुण्याला आले होते, तेव्हा त्या एसटीने गेल्या होत्या, गर्दीत एवढासा पांढरा ठिपका दिसला म्हणत. पण भालेरावांचं कौतुक त्यांना जास्त.

याच पोपनी 2002 मध्ये जपमाळेत नवी रहस्यं, म्हणजे जप करताना मनात आणायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, घातली. आधी आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची होती, त्यांत प्रकाशाची आली. सत्तराव्या वर्षी नवीन पाठ करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. महिनाभर नाराज होत्या. मग काना गावच्या लग्नाच्या रहस्यावर त्यांचा जीव बसला, तिथे द्राक्षरस संपल्याचं मरियेच्या आधी लक्षात येतं. ‘भरल्या मांडवात रांजण रिकामे झाले हे आधी कुनाला दिसलं? बाईला दिसलं,’ असं सांगून त्या दर गुरुवारी ते रहस्य अंमळ सावकाश म्हणत.

2003 च्या कुंभमेळ्यात 27 ऑगस्टला चेंगराचेंगरी झाली, 39 माणसं गेली. पेपरात नावं आली तेव्हा आत्याबाईंनी दिवसभर दुसरं काही केलं नाही. दहा-दहा मण्यांचे चार भाग म्हणजे चाळीस. एक मणी उरला. तो त्यांनी ‘ज्याचं नाव छापायचं ऱ्हाऊन गेलं त्याला’ म्हणून घेतला.

आणि 2021 चा एप्रिल. चर्च बंद, मिस्सा नातवाच्या मोबाइलवर, आत्याबाई आवाजाच्या दिशेने गुडघे टेकायच्या. तुमच्या रकान्याची दोन पानं झाली होती. मी वाचत होते आणि नावं संपत नव्हती. मी मधली गाळायला लागले, पटकन उरकावं म्हणून. त्यांनी ओळखलं. कसं, ते मला आजही कळलं नाही. एवढंच म्हणाल्या, ‘गाळू नको. त्येंच्या घरचे बघत असतील, आपलं नाव आलं का म्हनून.’ त्या महिन्यात सकाळची जपमाळ दुपारी दोनला संपायची. मी शेजारी बसून नोकरीच्या 31 वर्षांत माझ्या वॉर्डात गेलेल्यांची नावं आठवायचा प्रयत्न करत असे आणि मला फारच थोडी आठवत.

नातवंडांपैकी एकीने परधर्मातला मुलगा केला. आत्याबाई तीन आठवडे कोणाशी बोलल्या नाहीत. महागुरुस्वामींची परवानगी आली, चर्चमध्ये साधंसं लग्न झालं, मग मुलाकडचंही झालं. त्या दुसऱ्या लग्नाला जायचं की नाही यावर घरात वाद चालला असताना आत्याबाई पातळ बदलून दारात उभ्या होत्या. त्या मुलीच्या लेकराच्या कपाळावरही त्या अंगठ्याने क्रूस काढायच्या, बाकी आठ जणांच्या काढत तसाच. डोळे गेल्यावर प्रत्येक पतवंडाचं कपाळ हाताने चाचपून ओळखायच्या. ही मुलं इंग्रजी शाळांत जातात, ‘हेल मेरी’ म्हणतात. त्यांचा हात धरून ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे मराठीतून त्यांनीच शिकवलं, नवाच्या नवांना. म्हणून ‘पश्चात’ च्या ओळीत ती नऊ मुलं हवीच होती.

शेवटचा फेब्रुवारी आठवतो. नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा. मुंबई, गोवा, गुजरात कुठून कुठून माणसं येतात, सगळ्या धर्मांची, मराठी, इंग्रजी, कोकणी अशा भाषांत दिवसभर मिस्सा चालतात. आत्याबाईंना चालवत नव्हतं. खुर्ची दारात मांडून बसल्या आणि रस्त्याने जाणाऱ्यांना पाणी द्या म्हणून नातवांच्या मागे लागल्या. एका बाईने पाणी पिऊन त्यांच्या पाया पडून विचारलं, ‘आजी, तुमच्यासाठी काय मागू बाळ येशूकडे?’ त्यांनी थोडा विचार केला. ‘सूनबाईचा गुडगा,’ म्हणाल्या.

गेल्या त्या रात्री मी जवळ होते. फादर संध्याकाळीच येऊन अभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा विधी, करून गेले होते. आम्ही सगळे जपमाळ म्हणत होतो. त्यांचा आवाज निघत नव्हता, बोटं मात्र चालत होती. निळ्या मण्यावर थांबली. आम्ही पुढे म्हणत राहिलो, दहा पूर्ण झाले, बोटं तिथेच. मी नाडी बघितली. इतकी वर्षं हेच काम केलं, पण मालकांना सांगायला मला वेळ लागला.

संपादक महोदय, आत्याबाईंकडे एक पत्र्याचा डबा होता, जुन्या बिस्किटांचा. त्यात तुमच्या आणि इतर पेपरांची कात्रणं आहेत. सासऱ्यांची निधनवार्ता, मदर तेरेसांचं तिकीट, त्या 39 जणांची यादी, काकूंच्या यजमानांची बातमी, 2025 च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले तेव्हाचा फोटो, तो मी कापून दिला होता. आत्याबाईंचं स्वतःचं कात्रण त्यात ठेवायला मी ते तीनदा हातात घेतलं आणि तीनदा बाजूला ठेवलं. चुकीचं आहे ते.

म्हणून खालील मजकूर त्याच रकान्यात, तेवढ्याच टायपात छापावा ही विनंती. पैसे पडत असतील तर भरते.

‘दुरुस्ती: जेल रोड, नाशिकरोड येथील ज्या श्रीमतींच्या निधनाचे वृत्त गेल्या महिन्यात प्रसिद्ध झाले, त्या वयाच्या 93 व्या वर्षी ख्रिस्तवासी झाल्या. त्यांचे दफन ख्रिस्ती दफनभूमीत, त्यांच्या पतीच्या कबरीत झाले. दशक्रिया विधी नव्हता. पश्चात तीन मुले, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे व नऊ पतवंडे आहेत.’

जमलं तर 2 नोव्हेंबरच्या आत छापा. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही कबरीवर जाणार आहोत. काकूंना देवळाली गावातून आणायला माझा मुलगा गाडी घेऊन जाईल. माती आता बसली आहे, पण त्यांच्यासाठी एक कोपरा मी मोकळा करून ठेवणार आहे. आणखी कोणी चुकून रामकुंडावर गेलं असेल, तर त्यांनीही यावं.

आपली,
एक सून आणि रोजची वाचक
जेल रोड, नाशिकरोड